पाच पेन्सचा फरक

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात आमच्या रस्त्यावरची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. दार उघडलं की एक पायरी, पायरी उतरली की थेट फुटपाथ. ओटा नाही, अंगण नाही. मधलं घर आमचं, डावीकडचं लाल, उजवीकडचं निळं. लाल म्हणजे लिव्हरपूल आणि निळं म्हणजे एव्हर्टन, एकाच शहरातले दोन फुटबॉल क्लब, एवढं सांगितलं की तालमी-तालमींच्या फुटबॉलवर भांडणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

डावीकडे आजोबा राहतात. वय ७४, आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेले. उजवीकडे मावशी. त्या माझ्या लेकाच्याच शाळेत दुपारचं जेवण वाढतात. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. ते माझ्या जिभेवर अजून बसलेलं नाही, म्हणून मी त्यांना आजोबा आणि मावशीच म्हणते. दोघांनी अर्थ विचारून घेतला आणि तेव्हापासून ओ देतात. मावशी ही आजोबांच्या वारलेल्या बायकोची सख्खी धाकटी बहीण, हे मला इथे वर्षभर राहिल्यावर कळलं. म्हणजे आपल्या भाषेत दाजी लाल, मेहुणी निळी, आणि मध्ये आम्ही भाडेकरू.

यंदा, २०२० मध्ये, १४ ऑक्टोबरला इंग्लंडमधलं पहिलं ‘टिअर थ्री’, म्हणजे कोरोनाच्या निर्बंधांची सगळ्यात कडक पातळी, आमच्या वाट्याला आलं. जेवण न देणारे पब बंद, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, परसातही बसायचं नाही. तेव्हापासून सगळ्या गप्पा आपापल्या पायरीवर उभं राहून होतात. मी मधल्या पायरीवर, त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जातं.

गेल्या आठवड्यात बुधवारी, २१ तारखेला, रात्री मावशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या आणि तिथेच थांबल्या. संसदेत नुकतंच मतदान झालं होतं. गरीब घरातल्या मुलांना शाळेत मिळणारं मोफत जेवण सुट्ट्यांच्या दिवसांतही व्हाउचरच्या रूपाने चालू ठेवा, असा विरोधी पक्षाचा ठराव होता. तो ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पडला. आजोबा त्यांच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. मावशींनी विचारलं, “उन्हाळ्यात एका पोराला आठवड्याचे किती दिले होते?”

“पंधरा पौंड,” आजोबा म्हणाले.

“आणि शनिवारची तुमची मॅच कितीला?”

आजोबांनी उत्तर दिलं नाही. गेले दहा दिवस ते त्याच आकड्यावर बडबड करत होते. चौदा पौंड पंच्याण्णव पेन्स. थोड्या वेळाने म्हणाले, “पाच पेन्स उरतात,” आणि दार लावून आत गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

तो १४.९५ काय प्रकार आहे तो आधी सांगते, कारण माझा निम्मा राग त्यावर आहे. मार्चपासून स्टेडियमला प्रेक्षक नाहीत. जूनमध्ये सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा रिकाम्या खुर्च्यांपुढे सुरू झाले, आणि लोकांना निदान घरात बघता यावेत म्हणून सगळे सामने नेहमीच्या वाहिन्यांवर दाखवले. सप्टेंबरपर्यंत तसंच चाललं. ऑक्टोबर उजाडला आणि ठरलं की वाहिन्यांनी आधी निवडलेले सामने सोडले तर बाकीचे ज्याला बघायचे असतील त्याने प्रत्येक सामन्याला १४.९५ पौंड मोजायचे. महिन्याची वर्गणी भरता ती वेगळीच. प्रीमियर लीग या इथल्या सर्वांत वरच्या फुटबॉल स्पर्धेतल्या २० क्लबांपैकी १९ जणांनी याला होकार दिला आणि एकटं लेस्टर विरोधात गेलं, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. ज्या उन्हाळ्यात लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, त्याच उन्हाळ्यात या क्लबांनी नवे खेळाडू विकत घ्यायला एक अब्ज पौंडांहून जास्त खर्च केला. आणि हात पसरला तो कुणापुढे? तर आमच्या आजोबांपुढे. त्यांचं सीझन तिकीट चाळीस वर्षांचं आहे, म्हणजे माझ्या वयाहून जुनं.

मी हिशेब मांडला. आजोबांच्या पेन्शनमध्ये महिन्याला असे दोन सामने बसवायचे तर तीस पौंड. हिवाळा तोंडावर आहे. या घरांच्या भिंती जुन्या, हीटर लावला तरी पायाला गारवा लागतो. तीस पौंडांत त्यांचं आठवड्याभराचं वाणसामान येतं आणि वर काही उरतं. पैसे नाहीत असं नाही, ते देतीलही. पण देऊन वर गप्प बसायचं, हे त्यांना सहन होत नाही आणि मलाही होत नाही. बरं, १४.९५ च का? पंधरा का नाही? दुकानदाराने पाटीवर ९५ पैसे लिहावेत तसा तो आकडा आहे. त्यात हिशेबापेक्षा चलाखी जास्त दिसते. साथीच्या दिवसांत घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकच विरंगुळा उरला आहे, आणि त्यावर कुणीतरी बसून, विचार करून, अशी पाटी लावली.

हे मी तावातावाने पायरीवर बोलले तेव्हा आजोबांनी मला शांत केलं. इथले लोक एकमेकांना ‘लव्ह’ म्हणतात, अनोळखी माणसालाही. “लव्ह,” ते म्हणाले, “न्यूकॅसलच्या पोरांनी वाट दाखवली आहे.” न्यूकॅसलच्या चाहत्यांनी सामना विकत न घेता तेच पैसे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेला द्यायला सुरुवात केली होती. पाठोपाठ लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या संघटनेनेही आपल्या लोकांना तेच सांगितलं. शनिवारी २४ तारखेला शेफील्ड युनायटेडविरुद्धचा सामना १४.९५ चा होता. ते पैसे आमच्या रस्त्यावर कुणी भरायचे नाहीत, डब्यात टाकायचे, असं आजोबांनी परस्पर ठरवून टाकलं.

फूड बँक आणि फुटबॉल यांचं नातं मात्र इथे कालचं नाही. २०१५ मध्ये लाल आणि निळ्या चाहत्यांनी मिळून सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर अन्न गोळा करायला सुरुवात केली. ‘फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स’ असं नाव. त्यांचं घोषवाक्य आहे, भुकेच्या अंगावर कुठल्याच क्लबचा रंग नसतो. त्यांची गाडी जांभळी आहे. लाल आणि निळा एकत्र केला की जांभळा होतो. ही सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, इयन बर्न, गेल्या डिसेंबरात इथल्या वेस्ट डर्बी मतदारसंघातून खासदार झाले. मी पहिल्यांदा हे बघितलं ते गेल्या वर्षी एव्हर्टनच्या मैदानाबाहेर, गुडिसन पार्कबाहेर. निळे स्वेटर घातलेली माणसं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. एका बाईच्या हातात बीन्सचे चार डबे, एका लहान मुलाच्या हातात पास्त्याचं पाकीट. दिलं आणि आत गेले. ना फोटो, ना हार. तिथून घरापर्यंत मी काही बोलले नव्हते. मार्चपासून स्टेडियमच बंद, त्यामुळे ती रांगही नाही, आणि इकडे फूड बँकेच्या दाराशी येणारे वाढले.

या दोन क्लबांचं भांडण मुळात भाऊबंदकीचं आहे. आज लिव्हरपूल जिथे खेळतं ते अ‍ॅनफिल्ड आधी एव्हर्टनचं मैदान होतं. जॉन हाउल्डिंग नावाचा दारूभट्टीवाला, हुजूर पक्षाचा पुढारी, तिथला मालक. भाडं वाढवायचं आणि मैदानावर आपलीच बिअर विकायची, यावरून त्याचं आणि क्लबातल्या इतरांचं फाटलं. समोरच्या गटात उदारमतवादी पक्षाचे आणि दारूबंदीवाले होते. १८९२ मध्ये एव्हर्टन उठून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसनला गेलं. रिकामं मैदान हाउल्डिंगच्या हातात राहिलं म्हणून त्याने नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. या दोन मैदानांत मैलभराचंसुद्धा अंतर नाही. म्हणजे राजकारण इथल्या फुटबॉलमध्ये कालपरवा घुसलेलं नाही, पहिल्या दिवसापासून आहे. खेळात राजकारण आणू नका असं इथे कुणी म्हणालं तर दोन्ही बाजूची माणसं त्याच्याकडे नवलाने बघतात.

भांडण मात्र खरं आहे, लुटुपुटूचं नाही. १७ तारखेला डर्बी झाली, म्हणजे या दोन क्लबांचा आपसातला सामना. माझ्या डावीकडच्या भिंतीतून आणि उजवीकडच्या भिंतीतून एकच सामना ऐकू येत होता, पण डावीकडचा टीव्ही चार-पाच सेकंद पुढे. तिसऱ्या मिनिटाला लिव्हरपूलच्या माने याने गोल केला, डावीकडून आरोळी आली, आणि मला कळलं की उजवीकडे मावशींना अजून माहीत नाही. त्या चार सेकंदांत माझाच जीव वर-खाली झाला. लगेच एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्ड लिव्हरपूलचा बचावपटू व्हॅन डाइक याच्या पायावर गेला आणि व्हॅन डाइकला मैदान सोडावं लागलं. शेवटी २-२. अगदी शेवटच्या क्षणी लिव्हरपूलने तिसरा गोल केला होता, तो व्हीएआरने, म्हणजे चित्रफीत बघून निर्णय देणाऱ्या पंचाने, ऑफसाइड म्हणून रद्द केला. त्यानंतर तीन दिवस दाजी आणि मेहुणी एकमेकांशी बोलले नाहीत. आजोबांची औषधं मावशी दुकानातून आणून देतात. ती त्यांनी आणली, पायरीवर ठेवली, दार वाजवलं आणि निघून गेल्या. एव्हर्टन गुणतक्त्यात सगळ्यात वर होतं, त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी औषधाच्या पिशवीला टाचणीने लावलं होतं.

आणि या तीन दिवसांच्या अबोल्यानंतरची पहिली गोष्ट म्हणजे बुधवारचं ते बोलणं.

आता ज्या मुलाने हा विषय देशापुढे आणला त्याच्याबद्दल. मार्कस रॅशफर्ड, वय २२, मँचेस्टर युनायटेडचा. लहानपणी स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेला. जूनमध्ये त्याने खासदारांना उघडं पत्र लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेऊन उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांची व्हाउचर मंजूर केली. तेरा लाखांच्या आसपास मुलं त्यात बसत होती. आता ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या सुट्टीसाठी तेच मागितलं तर सरकार अडून बसलं. मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून तो फोनवर याद्या टाकत सुटला: या गावातला हा कॅफे मुलांना जेवण देतोय, त्या गावातली ती नगरपालिका देतेय. मी सकाळी उठून त्या याद्या वाचत बसायचे. कितीतरी ठिकाणं अशी होती की तो कॅफेच सहा महिने अर्धा बंद असणार.

आजोबांची अडचण वेगळीच. लिव्हरपूलचा माणूस एव्हर्टनशी भांडतो ते घरातलं म्हणून. मँचेस्टर युनायटेडचं तसं नाही. ती चीड मैदानाच्या आधीची, धंद्यातली आहे. लिव्हरपूलच्या बंदराला पट्टी द्यावी लागू नये म्हणून मँचेस्टरवाल्यांनी स्वतःचा कालवा खणला आणि १८९४ मध्ये समुद्रातली जहाजं थेट आपल्या दारात नेली. त्यांच्या दोन्ही क्लबांच्या चिन्हांवर आजही जहाज आहे. आजोबांचे वडील गोदीत कामाला होते. त्या घरात युनायटेड हा शब्द उच्चारत नाहीत, ‘ते लोक’ म्हणतात. मी इतकी वर्षं ऐकत आले आहे.

गुरुवारी सकाळी त्यांच्या खिडकीच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला दिसला. जाड पेनाने लिहिलं होतं: ‘त्या पोराचं बरोबर आहे.’ नाव नाही, क्लब नाही. मावशींनी बाहेर येऊन वाचलं, म्हणाल्या, “नाव लिहायला शाई संपली का?” आजोबा म्हणाले, “सगळ्यांना कळतंय.” आणि खरंच, रस्त्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण तो कागद वाचून मान हलवत होता.

मावशींचा स्वतःचा अभिमान मँचेस्टरमध्येच बसला आहे. मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नम पक्के एव्हर्टनवाले. टिअर थ्री लावायचं तर कामगारांच्या पगाराचं बघा, म्हणून ते सरकारशी दहा दिवस भांडले, आणि २० तारखेला पत्रकारांसमोर उभे असतानाच त्यांना कळलं की फक्त २२ दशलक्ष पौंड मिळणार. त्यांचा तो चेहरा सगळ्या देशाने बघितला. मावशी ती चित्रफीत मला तीनदा दाखवून म्हणाल्या, “हा आमचा.” आजोबांनी यावर वाद घातला नाही. २००९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीच्या विसाव्या स्मृतिदिनाला हेच बर्नम मंत्री म्हणून अ‍ॅनफिल्डवर बोलायला उभे राहिले, लोकांनी त्यांना न्याय मागत अडवलं, आणि परत जाऊन त्यांनी तो विषय मंत्रिमंडळात लावून धरला. हिल्सबरोला १९८९ मध्ये चेंगरून मेलेली माणसं लाल होती, पण दोन मैदानांमध्ये एकमेकांना बांधलेल्या मफलरींची जी रांग लागली, तिच्यात निळ्याही होत्या. आजोबांनी त्यात कुणाची मफलर बांधली होती, ते एकदाच सांगितलं मला. बायकोची. ती निळी होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढा श्रीमंत देश, आणि पोरं उपाशी? खरं सांगते, मलाही सुरुवातीला बरंच वाटलं होतं. चला, यांच्याकडेही आहे. आपल्याकडे शाळेत शिजवलेलं जेवण द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलं. सरकारी शाळेतलं आठवीपर्यंतचं पोर गरीब की बरं, हे कुणी विचारत नाही, ताट सगळ्यांपुढे येतं. इथे पहिले तीन वर्ग सोडले की घराचं उत्पन्न बघतात. मी मावशींना हे अभिमानाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “शाळा बंद झाल्यावर काय केलं?” मी म्हटलं, शिधा वाटला. वाटलाही. पण बोलता बोलता मला मे महिन्यातले हमरस्ते आठवले, डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं, त्यांच्या मागे चाललेली त्यांची पोरं. त्या पोरांना कुठल्या शाळेचा शिधा मिळाला असेल? मी गप्प झाले. मावशींनी पुढे काही विचारलं नाही.

तरी एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच, आणि इथेही सांगणार. आई कोल्हापुरात एकटी आहे. सप्टेंबरमध्ये तिकडे कोरोना कळसाला पोचला, दवाखान्यात खाट मिळेना, आणि मी इथे. नियमित विमानं मार्चपासूनच बंद. खास विमानाने गेले असते तर परत कधी येता आलं असतं कोण जाणे, लेकाची शाळा, नवऱ्याची नोकरी. लोक विचारतात, आईला सोडून कशी राहिलीस? मी राहिले नाही, मला जाता आलं नाही. तर त्या महिन्यात आईचं दूध, भाजी, औषधं दारात आणून देत होती ती तालमीची पोरं. आणि कुठल्या तालमीची? बाबा शाहू स्टेडियमवर आयुष्यभर ज्या तालमीच्या विरोधात ओरडले, त्याच तालमीची. आई फोनवर म्हणाली, “तुझ्या बाबांना सांगू नको गं,” आणि मग तिलाच आठवलं की बाबा आता नाहीत. गेल्या वर्षी ऑगस्टच्या महापुरातही हेच झालं होतं. सामन्याला एकमेकांवर बाटल्या फेकणारी पोरं पाण्यात एका होडीत होती. आपल्याकडे याला कुणी संघटना म्हणत नाही, जांभळी गाडी नसते, घोषवाक्य नसतं. पण असतं. इथल्या लोकांचं कौतुक करताना मला ते विसरायचं नाही.

आणि इथलं सगळंच कौतुकाचं आहे असंही नाही. ११ मार्चला, ज्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी असल्याचं जाहीर केलं त्याच रात्री, अ‍ॅनफिल्डवर अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्ध सामना झाला. ५२ हजारांवर माणसं, त्यात माद्रिदहून आलेले तीन हजारांच्या आसपास. त्यांच्या देशात स्टेडियमला कुलपं लागली होती आणि इथे ते गर्दीत उभे राहून गात होते. आजोबा त्या सामन्याला होते. त्यांना काही झालं नाही. पण त्या रात्रीचं तिकीट त्यांनी अजून पाकिटात ठेवलंय आणि अधूनमधून काढून बघतात. “आम्हाला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं,” एवढंच म्हणतात. एप्रिलमध्ये त्यांच्याच क्लबाने, वर्षाला ४२ दशलक्ष पौंड नफा जाहीर केलेल्या क्लबाने, कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी योजनेतून घ्यायचं ठरवलं. लोक इतके संतापले की दोन दिवसांत माफी मागून निर्णय मागे घ्यावा लागला. आणि याच महिन्यात बाहेर आलं की लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या मालकांनी मिळून लीगची सूत्रं मोठ्या क्लबांच्या हातात देणारी योजना आखली होती. ती तीन दिवसांत बारगळली. आजोबा म्हणाले, “आम्ही सव्वाशे वर्षं त्या लोकांशी बोललो नाही, आणि मालक एका टेबलाला बसून जेवतात.” त्यांना इतकं दुखावलेलं मी व्हॅन डाइकच्या वेळीही बघितलं नव्हतं.

मी यात बोलणारी कोण, असं काहींना वाटेल. माझ्या व्हिसाच्या कार्डावर सरकारी मदत घेता येणार नाही असं छापलेलं आहे. आरोग्यसेवेसाठी आमच्यासारख्यांनी कराव्यतिरिक्त जो आकार भरायचा, तो या मंगळवारपासून मोठ्या माणसाला वर्षाला ४०० वरून ६२४ पौंड झाला. भरतो आम्ही, तक्रार नाही. पण माझा लेक दुसरीत आहे, म्हणून त्याचं शाळेतलं जेवण मोफत आहे, आणि ते त्याच्या ताटात मावशी वाढतात. त्याला ग्रेव्ही आवडत नाही हे त्यांना माहीत आहे. बटाटा बाजूला, वाटाणे बाजूला, मध्ये जागा सोडतात. सोमवारी जास्त वाढून घेणारी पोरं कोणती हेही त्यांना माहीत आहे. “शुक्रवारी त्यांना दोनदा वाढते,” त्या म्हणाल्या. “सुट्टीच्या आधीच्या शुक्रवारी तीनदा.” मतदान करणाऱ्या ३२२ जणांपैकी किती जणांनी असं ताट वाढलं असेल, हे मला त्यांना विचारावंसं वाटतं.

शनिवारी आजोबांनी क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा जुना पत्र्याचा डबा आमच्या पायरीवर आणून ठेवला, कारण मध्ये आम्ही. संध्याकाळी साडेसातपर्यंत अख्ख्या रस्त्यातली माणसं येऊन टाकून गेली. आजोबांनी स्वतःचे १४.९५ मोजून आणले होते, दहाची नोट आणि बाकी नाणी. मावशींचा सामना नव्हता, एव्हर्टन रविवारी बाहेरगावी खेळणार होतं, तरी त्यांनी नोटांत पंधरा पौंड टाकले आणि म्हणाल्या, “निळ्यांचे पाच पेन्स जास्त. लिहून ठेव, लव्ह.” आठ वाजता कुणाच्याच घरात टीव्ही लागलेला नव्हता. आजोबांनी रेडिओ खिडकीत ठेवला. थंडी होती, तिन्ही दारं उघडी. शेफील्डने पेनल्टीवर पहिला गोल केला तेव्हा मावशींनी टाळी वाजवली. फर्मिनोने बरोबरी केली, मग जोटाने दुसरा मारला, आणि आजोबांच्या आरोळीने समोरच्या घरातलं बाळ जागं झालं.

परवा रात्री रॅशफर्ड लाइपझिगविरुद्ध उशिरा मैदानात उतरला आणि तीन गोल करून गेला. सकाळी मी आजोबांना विचारलं, बघितलंत का? ते म्हणाले, “नाही.” मग म्हणाले, “तिसरा छान होता.”

आज शुक्रवार, ३० ऑक्टोबर २०२०. सुट्टीचा शेवटचा दिवस. सरकार अजून हललेलं नाही. दुपारी मावशींचा भाचा डबा न्यायला येणार म्हणून आम्ही पायरीवर बसून पैसे मोजले. मावशींना लाल आणि निळे वेगळे मोजायचे होते; कुणी काय टाकलं हे त्यांनी वहीत टिपून ठेवलं होतं. मी आणि लेकाने टाकलेल्या पंधरा पौंडांचा तिसरा ढीग केला, कारण लेकाने रंग सांगायला नकार दिला. इतर घरांच्या नोटा मोजता मोजता लाल आणि निळे अगदी बरोबरीत आले, आणि शेवटी राहिले ते तेच पाच पेन्स. मावशींनी बोटाने ते नाणं वहीच्या मधोमध ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत.

आजोबा उठून आत गेले. खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा खण. बाहेर आले तेव्हा हातात दहा पेन्स होते. मावशी म्हणाल्या, “शिट्टी वाजली, वेळ संपली.” आजोबांनी डब्याचं झाकण उचललं आणि नाणं आत सोडलं.